उजनीकाठच्या दोन रात्री : अंथरूण, जाळी आणि घरातले उपाय

प्रश्न थोडक्यात असा आहे : नाताळच्या सुट्टीत सोलापूरहून निघून उजनीच्या पाण्याजवळ, मित्राच्या शेतात दोन रात्री तंबूत राहायचं. सोबत बायको, ६ आणि ११ वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेली आई. आईला दमा आहे, धूर सोसत नाही. बाजारातली औषधं न वापरता डास, मुंग्या, माश्या यांचा बंदोबस्त घरच्या घरी कसा करावा, आणि आईची झोप नीट व्हावी म्हणून काय सोय करावी?

मी सोलापुरात शिक्षिका होते आणि सव्वीस वर्षं गाईडच्या मुलींची शिबिरं घेतली. आता आषाढीला एका दिंडीच्या मुक्कामाचं अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाचा तळ सांभाळते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या तळांवर भर पावसाळ्यात राहुटीत झोपले आहे. खाली लिहिते ते सगळं स्वतः करून पाहिलेलं आहे.

तुम्ही उपाय आधी विचारले आणि झोप नंतर. मी क्रम उलटा घेते. किडामुंगीचा निम्माअधिक त्रास चुकीच्या जागेमुळे आणि जमिनीवर पसरलेल्या उघड्या अंथरुणामुळे होतो. ती दोन कामं नीट झाली तर घरगुती उपायांना थोडंच काम उरतं, आणि तेवढं ते चांगलं करतात. ती झाली नाहीत तर कडुनिंबाचं झाड जरी उपटून तंबूत आणलं तरी रात्रभर खाजवत बसाल.

जागेपासून सुरुवात करू. दुपारी तीनच्या आत शेतावर पोचा, अंधारात जागा निवडता येत नाही. उजनीचं पाणी पावसाळ्यानंतर वर असतं आणि पुढे उन्हाळ्याकडे मागे सरकत जातं. सरकताना काठाला गाळाचा ओला पट्टा राहतो. समोर पाणी, पाण्यात पक्षी, जागा मोहात पाडते. पण अशा काठावर संध्याकाळी चिलटांचे थवे उठतात. त्यातली डासासारखी दिसणारी पुष्कळशी चिलटं चावत नाहीत, मात्र दिव्यावर अशी झेपावतात की ताटात पडतात. म्हणून पाणी डोळ्यांनी बघायचं आणि तंबू निदान दोनशे पावलं वर, वारा लागेल अशा उंचवट्यावर टाकायचा. डास हा दुबळा उडणारा प्राणी. जिथं तुमच्या ओढणीचं टोक सतत हलतं तिथं त्याला अंगावर बसणं जड जातं.

उसाच्या फडाला चिकटून मुळीच नको. तिथं ओलावा आणि सावली असते, त्यामुळे डास दिवसाही दडून बसलेले असतात. शिवाय त्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती. मुलांनी अंधार पडल्यावर एकट्याने फडाकडे जायचं नाही, हे पोचल्या पोचल्या सांगून टाका. गोठ्यापासूनही शंभरेक पावलं लांब राहा. गोठ्याजवळ गोचीड आणि पिसवा असतात, आणि उकिरड्यावर माश्यांची पैदास चालूच असते.

काळ्या रानापेक्षा मुरमाड माळ बरा. काळ्या मातीला भेगा पडतात, भेगांत विंचू बसतो आणि मेखही धरत नाही. मुरमात मेख ठोकताना हात दुखतो, पण एकदा बसली की रात्रीच्या वाऱ्यात सुटत नाही.

जागा ठरली तरी तंबू लगेच उघडू नका. हरभऱ्याएवढे गुळाचे चार खडे घ्या, जिथं तंबूचे चार कोपरे येणार तिथं ठेवा आणि चहाला आधण ठेवा. अर्ध्या तासाने बघा. एखाद्या खड्यावर दोन-चार मुंगळे फिरत असतील तर चिंता नाही, ते सगळ्याच रानात असतात. पण एका खड्याला रांग लागली असेल तर ती रांग धरून मागे चालत जा. तिचं बीळ कुठं आहे ते दिसेल, बहुधा एखाद्या दगडाच्या कडेला, भोवती बारीक मातीची रवाळ कड असते. तंबू तिथून पंधरा-वीस पावलं हलवा. मी हे काम शिबिरात नेहमी सगळ्यात लहान मुलींना द्यायची. जमिनीशी नाक लावून बघण्याचा कंटाळा त्यांना येत नाही. तुमच्या सहा वर्षांच्या लेकराला हेच काम द्या.

आता अंथरूण. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे पहाटेचा पारा १५ च्या आसपास असतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. पाण्याजवळच्या उघड्या माळावर तो आणखी बोचतो. बहुतेक जण पांघरुणं वाढवतात आणि तरी काकडतात, कारण थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. अंगाखाली दाबलेली चादर पातळ होते, तिच्यात हवा उरत नाही आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून वर एक पांघरूण असेल तर खाली दोन थर हवेत. मी असं करते : सगळ्यात खाली ताडपत्री, तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा बोटभर जाड थर, त्यावर सतरंजी, त्यावर घोंगडी आणि सगळ्यात वर वाकळ. वर्तमानपत्र हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या घड्यांमध्ये हवा अडकते, आणि परतीच्या दिवशी तोच कागद चूल पेटवायला येतो.

शेतावर गेलात की कुणीतरी सांगेल, उसाचं पाचट खाली टाका, गादीसारखं होतं. ऐकू नका. पाचटाची कड हात कापते, आणि ढीग काही दिवस पडलेला असेल तर त्यात विंचवापासून सापापर्यंत कुणीही मुक्कामाला असू शकतं.

पांघरायला आपली सोलापुरी चादर उत्तम, पण एका बाबतीत सावध राहा. ती जाड सुताची, दव पडलं की पाणी धरते आणि लवकर वाळत नाही. म्हणून रात्री ती तंबूच्या कापडाला टेकता कामा नये. सगळ्यात वरचं पांघरूण घोंगडीचं ठेवा, लोकर दमट झाली तरी ऊब देते. घोंगडीवरून साप जात नाही असं आपल्याकडे म्हणतात. त्या भरवशावर मात्र कुणाला उघड्यावर झोपवू नका.

जमिनीवर कुशीवर झोपणाऱ्यासाठी एक जुनी युक्ती आहे. ताडपत्री पसरण्याआधी कमरेच्या हाडाखाली येईल तिथं ओंजळभर माती काढून उथळ खळगा करा. सकाळी कंबर दुखत नाही. माती परत भरून यायला विसरू नका.

आईंना जमिनीवर झोपवू नका. सत्तरीच्या माणसाला तंबूतून वाकून उठणं हीच मोठी शिक्षा असते, आणि रात्री दोनदा तरी उठावं लागतं. शेतावर बाज असणारच, ती मागून घ्या. पण जुन्या बाजेच्या सांध्यांत आणि दोरीच्या गाठींत ढेकूण असू शकतात, ते घरी आले तर महिनोन् महिने जात नाहीत. मित्राला सांगा, आदल्या दिवशी बाज उन्हात टाकायची, चारही सांध्यांत आणि गाठीगाठींत उकळतं पाणी ओतायचं आणि कडक वाळवायची. ढेकणाला आणि त्याच्या अंड्यांना ५० अंशांच्या वरची उष्णता सोसत नाही, उकळतं पाणी जिथं पोचतं तिथं दोन्ही मरतात. नुसतं रॉकेल पुसून काही होत नाही, वास आणि आगीची भीती मात्र राहते. बाजेवर आधी जाड गोधडी, मगच गादी, कारण बाजेच्या खालून गार वारा येतो. डोक्याला मफलर किंवा कानटोपी. बाजेशेजारी स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या, बॅटरी आणि त्यांचा दम्याचा पंप. पंप पिशवीत नको, अंधारात हात घातला की सापडेल असा.

बाजेच्या चारही पायांना चार बांबू बांधा आणि त्यावर मच्छरदाणी टाका. तुमच्या सगळ्या यादीत माझ्या मते हीच एक वस्तू अशी आहे की जिच्यावर पैसे खर्च करावेत. चांगल्या जाळीला एका चौरस इंचात १५६ छिद्रं असतात. एवढी बारीक जाळी डास आत येऊ देत नाही आणि वारा अडवत नाही. जाळी अंगाला टेकली की डास बाहेरून चावतो, म्हणून ती ताणलेली हवी. आणि खालची कड चारही बाजूंनी गादीखाली खोवलेली हवी, नुसती लोंबती सोडली तर काही उपयोग नाही. खोवलेल्या मच्छरदाणीचा दुसरा फायदा डासांपेक्षा मोठा आहे : मण्यार हा साप रात्री हिंडतो, अंथरुणात येतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश कित्येकदा कळतही नाही. जाळी खोवलेली असली की तो आत येत नाही.

तुम्ही चौघं झोपाल त्या तंबूबद्दल एकच सांगते. थंडी वाजते म्हणून तो सगळीकडून बंद करू नका. चार माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर छताला धरते आणि पहाटे चारच्या सुमाराला थेंब कपाळावर पडायला लागतात. अंथरूण ओलं होतं आणि मुलं कुरकुरत उठतात. समोरासमोरच्या दोन जाळीच्या खिडक्या वीतभर उघड्या ठेवा. वारा लागेल, पण कोरडे राहाल. संध्याकाळी सहापासून दाराची चेन बंद. आत-बाहेर करताना आधी बॅटरी विझवायची, मग चेन उघडायची. हे दोन दिवस मुलांच्या मागे लागून करून घ्या.

आता घरगुती उपायांकडे येते, आणि पहिल्यांदा धुराचं सांगते, कारण तुमच्या घरात दमा आहे.

सोलापूरजवळच्या एका तलावाकाठी आमचं शिबिर होतं, सप्टेंबरचा महिना, डास फार. मीच सांगितलं, राहुट्यांमधून कडुनिंबाच्या पाल्याची धुरी फिरवा. ओला पाला, निखारे, भरपूर धूर. डास गेले खरे. पंधरा मिनिटांनी एका मुलीला धाप लागली. तिला दमा आहे हे तिनं शिबिराला नाव देताना लपवलं होतं, घरचे पाठवणार नाहीत म्हणून. उघड्यावर आणून, पाठीला आधार देऊन बसवलं आणि गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथं तिला बरं वाटलं, पण ते वीस मिनिटांचं अंतर मला अजून आठवतं. त्या दिवसापासून माझ्या तळावर झोपायच्या जागेत धूर नाही. धुराने डास जातो तो धूर आहे तोवर, धूर विरला की परत येतो. म्हणजे रात्रभराचा उपाय करायचा तर रात्रभर धूर प्यायचा. मच्छर अगरबत्तीचंही तेच. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण मोजले तेव्हा ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. बंद तंबूत तर निखारे, शेगडी, कापूर यांपैकी काहीच पेटवायचं नाही. विषारी वायूने माणूस झोपेतच जातो आणि नायलॉनचं कापड क्षणात पेट घेतं.

म्हणून आईंसाठी धुराऐवजी जाळी, आणि संध्याकाळी बाहेर बसतील तेव्हा चार्जिंगचा छोटा पंखा. तो घोट्यांकडे वळवून ठेवा, डास पायांकडे जास्त जातात. पूर्ण बाह्या, पायमोजे, फिकट रंगाचे कपडे.

अंगाला लावायला घरी करता येईल असं एकच तेल मी सांगते. १०० मिली खोबरेलात अर्धा छोटा चमचा, म्हणजे अडीच मिलीच्या आसपास, कडुनिंबाचं तेल. वास उग्र असतो, म्हणून जास्त घालण्याचा मोह कुणाला होत नाही, आणि घालूही नये. डिसेंबरात एक अडचण येते : खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. बाटलीत नेलं तर रात्री बाटली उलटी करून हलवत बसाल. रुंद तोंडाच्या डबीत न्या, बोटाने काढता येतं. नाहीतर करडईच्या तेलात करा, ते थिजत नाही आणि आपल्या भागात सहज मिळतं. निघायच्या दोन दिवस आधी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. खाज किंवा लाली आली तर त्या माणसाला लावू नका. आईंना उग्र वासानेही दम लागत असेल तर त्यांना हे तेल नकोच. मुलांच्या हाताच्या पंजांना लावू नका, कारण पंजे तोंडात जातात. कडुनिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येण्यापर्यंत गंभीर परिणाम होऊ शकतात, डबी उंचावर ठेवा. दर दीड-दोन तासांनी परत लावावं लागतं.

इथं मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. बाजारातली औषधं नकोच हा हट्ट घरात ठीक आहे. पण पावसाळ्यात किंवा डेंग्यूची साथ असताना असा बेत कराल तेव्हा डीईईटी (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं चांगलं मलम वापरण्यात काहीच कमीपणा नाही. ते घरगुती तेलापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं. थंडीत, वाऱ्याच्या माळावर, जाळी असताना तेल पुरतं. आजार फैलावलेला असताना पुरत नाही.

मुंग्यांसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय परात. मोठ्या परातीत दोन बोटं पाणी, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, मधोमध पालथी वाटी आणि तिच्यावर खाण्याचा डबा. नुसत्या पाण्यावर मुंगी तरंगते आणि एकमेकींच्या अंगावरून पार होते. साबणाने पाण्यावरचा तो ताण मोडतो आणि मुंगी बुडते. बाजेचे पायही अशाच चार वाट्यांत ठेवता येतात. फक्त बाजेवरची चादर जमिनीला टेकलेली नको, नाहीतर मुंग्यांना तोच पूल होतो.

त्याच साबणाची एक फवारणीची बाटली भरून ठेवा : लिटरभर पाण्याला एक चमचा. मुंग्यांची रांग, झुरळ, ताटाभोवतीचे किडे, कशावरही मारा. साबणाचं पाणी त्यांच्या अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं आणि ते जागेवर मरतात. शिवाय रांगेचा वास धुऊन निघतो, त्यामुळे मागच्या मुंग्यांना वाट सापडत नाही. हळदीची रेघ आणि राखेची रेघ मीही ओढते. कोरड्या जागी तासभर अडवतात, पण पहाटे दव पडलं की गेलं.

बोरिक पावडर आणि साखरेचं आमिष हा उपाय खरा आहे, पण तो घरासाठी. मुंगी ते खाऊन बिळात नेते, हळूहळू सगळी वसाहत मरते, आणि याला कित्येक दिवस लागतात. दोन रात्रींच्या मुक्कामात त्याचा उपयोग शून्य, आणि पांढरी पावडर मीठ-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवण्याचा धोका मोठा. घरी झुरळांसाठी बोरिक, कणीक आणि साखर सारख्या प्रमाणात मळून गोळ्या करता येतात, फ्रीजच्या मागे, मुलांचा हात पोचणार नाही तिथं ठेवायच्या. तळावर नको.

तुमची तारीख हुरड्याची आहे, तेव्हा मित्र आगटी पेटवणार आणि गूळ, दही, शेंगाची चटणी निघणार हे धरून चालते. हुरडा बसून खाण्याची जागा तंबूपासून तीस-चाळीस पावलं लांब ठेवा आणि गूळ तिथंच संपवा. गुळाचा हात मुलं अंथरुणाला पुसतात आणि रात्री दोन वाजता मुंग्या येतात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मुलांच्या बाह्या तपासून मगच आत सोडते. तंबूत ठेवायचं खाणं कोरडं असावं. आपली कडक भाकरी यासाठीच जणू केली आहे, ओलावा नाही, गोड नाही, कापडात बांधून ठेवली तरी कुणी फिरकत नाही.

आगटी पेटवण्याआधी मान वर करून झाड बघा. हे वाक्य मी मोठ्याने वाचायला लावेन. मोठ्या पिंपळावर, वडावर, पाण्याच्या टाकीच्या खालच्या अंगाला आग्या मोहोळ असतं, हात-दीड हात रुंद काळपट पोळं, लांबून नुसती सावली वाटते. खाली धूर झाला की माश्या उठतात, आणि उठल्या की दूरवर पाठलाग करतात. पोळं दिसलं तर आगटी दुसऱ्या टोकाला, वारा पोळ्याकडे जाणार नाही अशी. माश्या उठल्याच तर झटकत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं चादरीत झाकून पळायचं, गाडीत किंवा घरात शिरून दारं लावायची. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात. काटा रुतला असेल तर लगेच नखाने खरवडून काढा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना.

माश्यांचं काम सोपं आहे. खरकटं आणि ताटं धुतलेलं पाणी यांसाठी हातभर खोल खड्डा, आणि प्रत्येक वेळी टाकलं की वर मातीचा थर. शौचाच्या खड्ड्यालाही तेच, शेजारी मातीचा ढिगारा आणि खुरपं ठेवा. माशीला बसायला ओलं, उघडं काही सापडलं नाही की ती कमी होते. वाटल्यास प्लास्टिकच्या बाटलीचं वरचं तोंड कापून तेच उलटं आत बसवा, तळाला गुळाचं पाणी आणि साबणाचा थेंब घाला आणि जेवणाच्या जागेपासून वीस पावलांवर टांगा. ताटाशेजारी टांगली तर माश्या तिथंच बोलावल्यासारखं होईल.

दिव्यात फरक करा. पांढऱ्या झगझगीत दिव्यावर पाखरं तुटून पडतात, पिवळ्यावर कमी येतात. पांढरा दिवा तीस पावलांवर झाडाला टांगून ठेवा, पिवळा मंद दिवा जेवणाजवळ. पाखरं तिकडं जमतात आणि तुम्ही शांतपणे जेवता. मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. तो चिरडला की अंगातल्या रसाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. चुकून चिरडलाच तर जागा साबणाने धुवा. पावसाळ्यात तो जास्त दिसतो.

मित्राच्या हौदात किंवा उघड्या टाकीत पाणी साठलेलं असेल तर त्यात वळवळणाऱ्या अळ्या आहेत का बघा. असतील तर हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून कोरडा ठेवायला सांगा, किंवा गप्पी मासे सोडायला सांगा. मात्र गप्पी बंद हौदातच. ओढ्यात किंवा उजनीत सोडले तर तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

काही उपाय मी करून पाहिले आणि सोडले. लिंबात खोवलेल्या लवंगा, पाण्यात टाकलेला कापूर, लसूण खाणं, मोबाइलमधून डास पळवणारा आवाज. यांनी डास गेलेला मी पाहिला नाही. गवती चहाची पात चुरून हाताला चोळली तर दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं. निंबोळी अर्क कुणी तंबूवर फवारायला सांगेल. तो पिकासाठी आहे. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून शंभर लिटरचं द्रावण करतात, डाळिंबाला, भाजीला ते चांगलं. तंबूच्या कापडावर त्याचा फक्त डाग पडतो.

विंचू कीटक नाही, पण तुमच्या मुलांसाठी त्याची भीती डासापेक्षा खरी आहे. गोवऱ्यांचा, सरपणाचा ढीग आणि दगड हात घालून उचलायचे नाहीत, आधी काठीने उलटायचे. बूट रात्री पालथे घालून ठेवायचे आणि सकाळी आपटून मग पाय घालायचा. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी मिळते, तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. झोपण्याआधी तंबूभोवती एक फेरी तिच्या उजेडात मारा, मुलांना आवडतेही. लाल विंचू लहान मुलाला चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर घरगुती काहीही करत बसू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिलं, पण ते वेळेत द्यावं लागतं. सापाचंही तसंच : बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, चावलेला भाग स्थिर ठेवून जवळच्या सरकारी रुग्णालयात. निघण्याआधी मित्राला विचारून ठेवा की रात्री उघडं असणारं सर्वात जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि शेतातून मोठ्या रस्त्यापर्यंत गाडी कुठून काढायची. दिवसा एकदा त्या वाटेने जाऊन या.

अंगावर गोचीड सापडली तर तेल, चुना किंवा विडीचा चटका नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, मग साबणाने धुवा.

परत आल्यावर तंबू घडी करून माळ्यावर टाकू नका. गच्चीवर पसरून दोन दिवस पूर्ण वाळवा, ओला तंबू आठवड्यात कुबट होतो आणि शिवणीला बुरशी धरते. बाजेवर वापरलेली गादी-गोधडी घरात आणण्याआधी शिवणी उघडून बघा, बारीक काळे ठिपके किंवा डाग दिसले तर ढेकूण आले आहेत असं समजा. चादरी उकळत्या पाण्यात भिजवा. गादी-गोधडी वेगळी बांधून ठेवा आणि उन्हाळ्याच्या पहिल्या कडक उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, उलटसुलट करत गच्चीवर टाका. आपलं मे महिन्यातलं ऊन या कामाला फार चांगलं आहे. मच्छरदाणी उजेडासमोर धरून भोकं शोधा आणि त्याच दिवशी शिवून टाका. मी पांढऱ्या जाळीला लाल दोरा वापरते, म्हणजे पुढच्या वेळी टाका सुटला आहे का ते लगेच दिसतं.